तेरा एकर

गेल्या रविवारी आमच्या लालबागच्या चाळीत पुनर्विकासाची सभा झाली. मी ठाण्यात राहते, पण खोली अजून आईच्या नावावर आहे आणि आई काही केल्या तिथून हलत नाही. त्यामुळे अशा सभांना तिच्या शेजारी जाऊन बसणं हे माझं काम. बिल्डरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. पडदा म्हणून गणपतीच्या मंडपाची पांढरी चादर. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, एवढे तीन प्रश्न लोकांनी फिरवून फिरवून विचारले आणि त्याने फिरवून फिरवून उत्तरं दिली. शेवटी आई उठली आणि म्हणाली, "ते सगळं ठीक आहे हो, पण खालच्या चक्कीचं काय?"

थोडा हशा पिकला. तो मुलगा (मुलगाच, फार तर तिशीचा) नम्रपणे म्हणाला, "आजी, खाली पार्किंग येणार. पोडियम. चक्कीची गरजच पडणार नाही, आटा ऑनलाइन येतो."

आई खाली बसली. मला म्हणाली, "तू त्या लंडनच्या लोकांची गोष्ट सांगायचीस ना, ती सांग की ह्यांना."

सभेत काही मी ती सांगितली नाही. उठून बोलण्याचं धाडस माझ्यात नाही, ते आईकडे आहे. पण घरी आल्यापासून ती डोक्यात आहे, म्हणून इथे लिहिते. दादा, तू वाचणार आहेस हे माहीत आहे, तेव्हा आधीच सांगते की लेख लांबणार आहे.

तर लंडनमध्ये माझं ऑफिस होतं वॉटर्लू स्टेशनजवळ. २००४ ते २००६, अडीच वर्षं. दुपारी डबा घेऊन मी थेम्सच्या काठावर जायची. नॅशनल थिएटर मागे टाकून पूर्वेला चालत गेलं की एक बाग लागते, तिच्या बाजूला छोट्या छोट्या दुकानांचा चौक, मग ऑक्सो टॉवरची जुनी लाल विटांची इमारत, आणि मागच्या गल्ल्यांमध्ये साधी, परसदार असलेली घरं. घरांच्या बाहेर वाळत घातलेले कपडे, मुलांच्या सायकली. पहिल्यांदा मला काही विशेष वाटलं नाही. मग एकदा लक्षात आलं की मी लंडनच्या अगदी मध्यावर उभी आहे, समोर नदीपलीकडे सेंट पॉलचा घुमट दिसतोय, आणि इथे कोणीतरी चड्ड्या वाळत घालतंय! नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून कामगार-नर्स-बसड्रायव्हर मंडळी राहत असतील तर कसं वाटेल, तसं काहीतरी. हे इथे उरले कसे?

उरले नव्हते. त्यांनी ती जागा मिळवली होती.

हा सगळा भाग म्हणजे थेम्सचा दक्षिण काठ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सुमारे ५० हजार माणसं राहत होती. धक्के, गोदामं, छापखाने, लहान कारखाने आणि त्यांच्या मधूनमधून कामगारांची घरं. मग युद्धातले बाँब पडले. मग मालवाहतूक कंटेनरवर गेली आणि जहाजं खाली टिलबरीकडे थांबू लागली. धक्के ओस पडले. रिकाम्या जागांवर ऑफिसांचे टॉवर यायला लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथली वस्ती उरली होती जेमतेम ४ हजार. माणसं कमी झाली की शाळा बंद पडते, शाळा बंद पडली की मुलंबाळं असलेली घरं निघून जातात, मग वाणी दुकान बंद करतो. गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

१९७४ मध्ये तिथे युरोपातलं सर्वांत उंच हॉटेल आणि शेजारी दहा लाख चौरस फुटांहून जास्त ऑफिसं बांधायचा प्रस्ताव आला. उरलेल्या रहिवाशांनी विरोध सुरू केला. इथवर नवीन काही नाही, विरोध सगळीकडेच होतो. पण १९७७ मध्ये त्यांनी कॉइन स्ट्रीट ॲक्शन ग्रुप काढला आणि नुसतं "नको" म्हणायचं सोडून स्वतःचा आराखडा करायला घेतला. त्या तेरा एकरांवर आम्हाला काय हवंय? परवडणाऱ्या भाड्याची घरं, नदीकाठी बाग, सगळ्यांना चालता येईल असा काठाचा रस्ता, दुकानं, छोटे कारखाने. सभा घेऊन, नकाशे पसरून, लोकांना विचारून.

१९७९ मध्ये जाहीर सुनावणी झाली. एका बाजूला ऑफिसांचे विकासक, दुसऱ्या बाजूला हे रहिवासी. निकाल असा लागला की पर्यावरण खात्याचे मंत्री मायकेल हेझलटाइन यांनी सगळ्यांचेच अर्ज फेटाळले! ऑफिसं फार अवजड, म्हणून नाही. आणि रहिवाशांच्या योजनेत रोजगाराचा पुरेसा विचार नाही, म्हणून तीही नाही.

मला ह्या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. कारण तो नकार रहिवाशांनी मनावर घेतला. मंत्र्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. नुसती घरं म्हणजे वस्ती नव्हे. त्यांनी आराखड्यात कामाच्या जागा, दुकानं, करमणूक ह्यांचा वाटा वाढवला आणि पुन्हा अर्ज केला. आज ज्याला "मिक्स्ड यूज" म्हणतात आणि ज्याच्या नावाखाली प्रत्येक माहितीपत्रकात तळमजल्यावर एक कॉफीचं दुकान रंगवलेलं असतं, तो प्रकार त्यांच्याकडे असा, भांडणातून आला. आमच्या चाळीत तर तो सुरुवातीपासून आहे. खाली वाणी, शिंपी, चक्की, पहिल्या मजल्यावर दोन बायकांची पोळीभाजी, वर आम्ही. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या फेरीत समोर होती ग्रेकोट नावाची विकासक कंपनी आणि तिचा वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स. होय, तोच, पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचा. म्हणजे प्रतिस्पर्धी काही ऐरागैरा नव्हता. वॉटर्लूपासून ब्लॅकफ्रायर्सच्या दिशेने जाणारा काचेच्या छताचा प्रचंड लांब मार्ग, त्याच्या कडेने ऑफिसांचे मनोरे, नदीवर पादचारी पूल. चित्रं मी नंतर पाहिली, देखणी आहेत. खोटं कशाला बोलू, मी तिथली रहिवासी नसते तर कदाचित भुललेही असते.

१९८१ मध्ये दुसरी सुनावणी सुरू झाली आणि डिसेंबर १९८२ मध्ये हेझलटाइनसाहेबांनी दोन्ही योजनांना परवानगी दिली. एकाच जमिनीवर! "बसा भांडत" असंच की. मात्र त्याच सुमारास एक गोष्ट बदलली होती. ग्रेटर लंडन कौन्सिल, म्हणजे जीएलसी, ही त्या वेळची लंडनची महानगरपालिका म्हणा. १९८१ मध्ये ती मजूर पक्षाकडे आली, केन लिव्हिंगस्टन तिचे नेते झाले आणि कौन्सिलने रहिवाशांची बाजू घेतली. त्या तेरा एकरांतली बरीच जमीन जीएलसीचीच होती. म्हणजे विकासकाकडे परवानगी होती, पण सगळी जमीन नव्हती. रहिवाशांकडे परवानगी होती, पण पैसे नव्हते. शेवटी १९८४ च्या सुरुवातीला विकासकाने आपला वाटा जीएलसीला विकून काढता पाय घेतला.

आता मालक जीएलसी. तिनेच घरं बांधली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने जीएलसी बरखास्त करायचं ठरवलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. बरखास्त झाल्यावर तिची मालमत्ता विकली जाणार. (तशी ती गेलीही. नदीवर थोडं पुढे जीएलसीचं मुख्यालय, काउंटी हॉल, आहे. आज तिथे हॉटेल आणि मत्स्यालय आहे. सत्ता गेल्यावर इमारतीचं काय होतं ते पाहायचं असेल तर तिकीट काढून शार्क बघावेत.)

म्हणून घाई झाली. रहिवाशांनी कॉइन स्ट्रीट कम्युनिटी बिल्डर्स नावाची कंपनी स्थापन केली. नफा वाटायचा नाही, तो कामातच परत घालायचा, आणि सभासद व्हायचं तर त्याच भागात राहायला हवं. जीएलसीने जमिनीवर अटी घातल्या: इथे परवडणारी घरं, बाग, नदीकाठचा रस्ता असंच व्हायला हवं. अशा अटी बसल्या की बाजारात जमिनीची किंमत कोसळते, कारण तिच्यावर ऑफिसं बांधता येणार नसतात. त्या कोसळलेल्या किमतीला, म्हणजे साडेसात लाख पौंडांना, जून १९८४ मध्ये तेरा एकर ह्या मंडळींना विकले. तेही कर्ज काढून. ३१ मार्च १९८६ ला जीएलसी संपली. दोन वर्षांपेक्षा कमी अंतर राहिलं होतं.

ही विक्री तेव्हाही अनेकांना खटकली आणि खटकणं समजण्यासारखं आहे. सार्वजनिक मालकीची जमीन, मध्यवर्ती लंडनमधली, एका छोट्या गटाला कवडीमोलाने दिली असं कोणी म्हटलं तर उत्तर काय? बाबा असते तर त्यांनी हाच मुद्दा काढला असता. ते गिरणीच्या ऑफिसात कारकून होते, हिशेब पक्का. माझं उत्तर एवढंच, की किंमत कमी झाली ती अटींमुळे, आणि अटी होत्या त्या जमिनीवर, माणसांवर नव्हे. उद्या दुसरा कोणी मालक झाला तरी त्या सुटत नव्हत्या.

मिळाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं? घरं नाही बांधली. पडक्या इमारती पाडल्या, नदीकाठचा रस्ता जोडून घेतला आणि बाग केली. तोवर रिकाम्या प्लॉटवर तात्पुरती पार्किंगं चालवून कर्जाचं व्याज भागवलं! बागेला नाव दिलं बर्नी स्पेन गार्डन्स. बर्नी स्पेन ही त्या चळवळीतली स्थानिक बाई. शेजारचा दुकानांचा चौक, गेब्रिएल्स व्हार्फ, हा १९८८ मध्ये काही वर्षांपुरता म्हणून जुन्या गॅरेजांमध्ये उभा केलेला. मागच्या भकास भिंतींवर खिडक्या-दारं रंगवून टाकलेली. मी तिथे डबा खात होते तेव्हा त्या तात्पुरत्या गोष्टीला सोळा वर्षं झाली होती. आपल्याकडच्या संक्रमण शिबिरांसारखं झालं हे, फक्त आनंदाच्या बाजूने.

मग घरं. १९८८ मध्ये मलबेरी, ५६ घरं. १९९४ मध्ये पाम, २७. १९९६ मध्ये ऑक्सो टॉवरच्या इमारतीत रेडवुड, ७८. २००१ मध्ये इरोको, ५९. प्रत्येक ठिकाणी रहिवाशांची सहकारी संस्था. घर मालकीचं नाही, भाड्याचं, पण मालक म्हणजे तुम्ही सगळे मिळून. राहायला येण्याआधी संस्था कशी चालवायची ह्याचं प्रशिक्षण घ्यायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे घर विकता येत नाही. थॅचरबाईंच्या काळात पालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला होता आणि लाखो घरं त्या वाटेने बाजारात गेली. इथली गेली नाहीत.

मलबेरीची घरं वास्तुविशारदांना अजिबात आवडली नाहीत. मध्यवर्ती लंडनमध्ये उपनगरातल्यासारखी बुटकी विटांची घरं आणि मागे बाग, हे काय? पण लोकांना विचारलं होतं ना, तर लोकांनी तेच मागितलं होतं. मुलं खेळताना स्वयंपाकघरातून दिसली पाहिजेत. पुढे इरोकोच्या वेळी स्पर्धा घेतली आणि मधल्या मोठ्या अंगणाभोवती उंच, दाट घरं झाली. मला इरोको जास्त आवडतं. पण मी तिथे राहत नव्हते, मी भिंतीवर बसून डबा खात होते. :-)

ऑक्सो टॉवरचं एक सांगायलाच हवं. आई-बाबा २००५ मध्ये आले होते तेव्हा मी त्यांना तिथे घेऊन गेले. ही इमारत मुळात टपाल खात्याचं वीजघर. मग १९२० च्या दशकात लीबिग कंपनीने घेतली. नदीकाठी झगमगती जाहिरात लावायला परवानगी मिळेना, म्हणून त्यांनी मनोऱ्याच्या खिडक्याच गोल, फुली, गोल अशा केल्या. ऑक्सो! खिडक्यांना कोण जाहिरात म्हणणार? बाबा ह्या युक्तीवर बेहद्द खूश. मग आईने विचारलं, "पण ऑक्सो म्हणजे करायचे काय ते?" मी सांगितलं, गोमांसाच्या अर्काच्या वड्या. बाबा गप्प. आईने शांतपणे मनोऱ्याकडे पाठ केली आणि नदीकडे तोंड करून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून आमच्या खोलीत कपाटावर आहे, त्यात टॉवर दिसत नाही.

त्या इमारतीत खाली हस्तकलेची दुकानं आणि कार्यशाळा, मधल्या पाच मजल्यांवर सहकारी संस्थेची घरं, आणि सगळ्यात वर हार्वे निकल्सचं महागडं रेस्टॉरंट. त्या रेस्टॉरंटशेजारीच सगळ्यांना फुकट उभं राहता येईल असा सज्जा होता, तिथे आम्ही तिघं अर्धा तास उभे होतो. वरच्या मजल्यावरची रात्रीची जेवणं आणि खालची भाडी एकाच मालकाकडे जात होती, आणि तो मालक म्हणजे शेजारची माणसं.

हे सगळं गोड-गोड वाटायला लागलं असेल तर दोन गोष्टी सांगते.

एक. त्याच नदीवर, काही मैल खाली, रॉयल डॉक्स आहेत. तिथे विमानतळ करायचा घाट घातला होता. तिथल्या लोकांनीही १९८३ मध्ये, ह्याच जीएलसीच्या मदतीने, 'पीपल्स प्लॅन' नावाचा पर्यायी आराखडा केला: घरं, पाळणाघरं, गोदीतली कामं. तोही सभा घेऊन, लोकांना विचारून. पण गोद्यांच्या जमिनीवर सरकारने १९८१ पासूनच स्वतंत्र विकास महामंडळ बसवलं होतं. १९८७ मध्ये विमानतळ सुरू झाला. आराखडा कमी चांगला होता म्हणून ते हरले असं मला वाटत नाही. त्यांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या हातात होती.

दोन. कॉइन स्ट्रीटवाले स्वतःच पुढे टॉवरवाले झाले. डून स्ट्रीटच्या प्लॉटवर त्यांना पोहण्याचा तलाव आणि क्रीडाकेंद्र हवं होतं, आणि त्याचा खर्च काढायला ४३ मजल्यांचा मनोरा, त्यात बाजारभावाने विकायची घरं. विरोध झाला, पुन्हा जाहीर सुनावणी झाली, २००८ मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली, ती न्यायालयातही टिकली आणि मग मनोरा वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. उंच हॉटेलाविरुद्ध उभी राहिलेली चळवळ तीस वर्षांनी उंच मनोऱ्याची बाजू मांडत होती. ह्यावर हसणारे हसले. मला हसू आलं नाही. शाळा, तलाव, पाळणाघर ह्यांचे पैसे कुठून तरी आणावे लागतात, आणि जमीन तुमची असली की ते "कुठून" हा तुमचाच प्रश्न होतो. पूर्वी तो दुसऱ्याला विचारता येत होता.

आणि आकडाही बघा. चार संस्था मिळून २२० घरं. सतरा वर्षांत. आमच्या गल्लीत एकेका टॉवरमध्ये तेवढी असतील. ज्याला लंडनचा घरांचा प्रश्न सोडवायचा आहे त्याला हे उत्तर पुरणार नाही.

आमच्याकडेही एक संधी होती, ती आठवल्याशिवाय राहवत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरियांच्या समितीने गिरणगावाचा एकत्र विचार कसा करता येईल ते मांडलं. मग २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले. गिरणीची जमीन तर शेडनी भरलेली! पालिका आणि म्हाडाच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. मार्चमध्ये ती बातमी मी वॉटर्लूच्या ऑफिसात बसून वाचली आणि दुपारी डबा घेऊन त्याच बागेत गेले. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "आता काय, झालं ते झालं. तिकडे थंडी कमी झाली का?"

असो. आमची चाळ म्हणजे तेरा एकर नव्हे, आणि आमच्यामागे जीएलसीही नाही. पण सोमवारी आईने वहीचं एक पान फाडून यादी केली. कोणाकोणाचं काम खालच्या गाळ्यांत चालतं, पोळीभाजी किती घरांत जाते, गच्चीवर पापड कोण वाळवतं, दुपारी गॅलरीत कोणाची मुलं कोणाकडे सांभाळायला असतात. बत्तीस ओळी झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ती कॉम्प्युटरवर टाइप करून दिली आणि मंगळवारी प्रत्येक दारातून आत सरकवली.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. चक्कीवाले पोटभाडेकरू, त्यांना मत नाही. आईने त्यांना बोलावलंय, आणि त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवायचं काम माझ्याकडे आहे.